परत आलेलं पाकीट

विट्याला माझा कॉम्प्युटर क्लास होता, तेव्हा एका दुपारी एक माणूस जुन्या गेमची फ्लॉपी घेऊन आला. गेम बनवणारी कंपनी बंद पडली होती, फ्लॉपीला बुरशी धरत होती आणि त्याला तिची कॉपी हवी होती. मला तो आल्याआल्याच खटकला. बोटं ॲसिडनं पिवळी पडलेली. फ्लॉपी ठेवण्याआधी त्यानं माझं टेबल हातानं झाडलं आणि झाडलेली धूळ मुठीत धरून ठेवली. सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्यांची ही सवय. मद्रासला त्याचं दुकान होतं म्हणे.

"कॉप्या काढून विकणार ना?" मी सरळ विचारलं.

"न्हाई वं सर. एकच पायजे, ही खराब व्हायच्या आत."

"एक असली तरी चोरीच."

"सराफाच्या दुकानातला केर आमी गाळतो, त्यात सोनं असतंय. पण केर उचलायच्या आदी मालकाला इचारतो. हितं बी इचारलंय."

त्यानं पिशवीतून पाकीट काढलं. कंपनीच्या पत्त्यावर रजिस्टर केलेलं, शिक्के खाऊन परत आलेलं. शिक्के खोटे असतील म्हणून मी ते उजेडाकडे धरलं. खरे होते.

तरी कॉपी दिली नाही. नियम म्हणजे नियम, म्हणालो. तो फ्लॉपी उचलून निघून गेला.

माझ्या चारही कॉम्प्युटरवर कॉपी केलेलंच सॉफ्टवेअर होतं. त्या कंपन्या चालू होत्या, आणि मी त्यांना कधी साधं कार्डही टाकलं नव्हतं.