पत्र्याखालच्या शेळ्या

माझ्या धाकट्या दिराला शेळ्यांतलं काडीचंही कळत नव्हतं. पण तो मुंबईला कारकून होता, आणि घरात तेवढं पुरत असे. आणीबाणीनंतरचा उन्हाळा. मे महिन्यात त्याचं लग्न ठरलेलं. मुलीकडची माणसं आमच्या वसईच्या वाडीत येणार, आणि अंगणात शिरताच त्यांना दिसणार नारळाच्या झापांनी शाकारलेलं शेळ्यांचं खोपट. त्याला लाज वाटली. आठवड्याभरात खोपट गेलं. तिथे तीन बाजूंना विटांच्या भिंती, वर पत्रे, पश्चिमेला दार आणि बाहेरून निळा रंग. सासूबाई चार घरी सांगून आल्या, "शेळ्यांना बंगला बांधला माझ्या लेकाने."

बंगल्यात चार शेळ्या. त्यांतली तांबडी माझी, माहेरून आणलेली, आणि गाभण. माझ्या धाकट्या मुलीला म्हशीचं दूध पचत नसे. तांबडीला काही झालं तर मुलीला काय पाजायचं, हा विचार माझ्याखेरीज कुणाच्या डोक्यात नव्हता.

पहिल्याच दुपारी शेळ्या तोंड उघडून धापा टाकायला लागल्या. तांबडीने रवंथ सोडला, ओठांवर फेस आला. मी दिराला बोलावलं.

"सवय होईल त्यांना, वहिनी."

"भावजी, तुम्ही घटकाभर आत बसा. तुम्हाला झाली की त्यांनाही होईल."

तो बसला नाही. विहिरीच्या चार बादल्या त्याने शेळ्यांवर आणि जमिनीवर ओतल्या आणि दार लावून घेतलं, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. शिकलेला माणूस! आमची हवा आधीच दमट, त्यात तापल्या पत्र्याखाली कोंडलेली ओल. भात शिजायलाही याहून जास्त लागत नाही.

मी दार उघडलं, चारही शेळ्या सोडल्या आणि बावखलावर, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर, जांभळीखाली नेऊन बांधल्या. तिथे वारा असतो. पाण्याचं घमेलं सावलीत ठेवलं. दुपारचा चारा बंद करून तो पहाटे आणि ऊन उतरल्यावर घालायला लागले. संध्याकाळी तांबडी पुन्हा रवंथ करू लागली.

सासूबाई म्हणाल्या, "पाहुणे आले की बंगला रिकामा दिसेल."

"मग भावजींना बांधा त्यात."

दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. कामं भराभर उरकली.

लग्नाच्या आदल्या दिवशी शेजारच्या बायका जमल्या, रिवाजाप्रमाणे झाप विणले आणि पुरुषांनी मांडव घातला. भर दुपारी नवरदेव त्याच्याखाली सदरा काढून पसरला. "काय गार वाटतंय!" म्हणाला. सांगून कळण्यातला तो नव्हता.

मांडव उतरला की त्याचे झाप शेजारपाजारचे चुलीला नेतात. त्या वर्षी मी एकही नेऊ दिला नाही. सगळे बंगल्याच्या पत्र्यांवर दुहेरी टाकून सुंभाने बांधले. मागच्या भिंतीचे वरचे विटांचे थर पहारीने काढले, वारा आरपार जाऊ लागला. मग शेळ्या आत आणल्या. निळ्या रंगाची पार वाट लागली. नव्या बायकोसमोर दिराचं तोंड उतरलं. तिने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आता कुठे बसण्याजोगं झालं."

पंधरा दिवसांनी तांबडी व्याली. दोन करडं, दोन्ही धडधाकट. दूध मुलीला पुरून उरलं. दीर अजूनही सांगतो, पत्र्याचा पक्का गोठा बांधला म्हणून शेळ्या तगल्या. त्यावरचे झाप दर उन्हाळ्याला मी बदलते.