वाट पाठ झालेले पाय

"तू कोणाची वं?"

रोज सकाळी मी चहा घेऊन गेले की वत्सलाकाकू हेच विचारायच्या.

"मी सुनीता. तुमच्याजवळ कामाले आहे."

"असं काय? मंग बस ना, उभी काहून?"

दुसऱ्या सकाळी पुन्हा नव्यानं ओळख.

काकूंनी खापरखेड्याच्या कॉलनीत कितीतरी वर्षं खानावळ चालवली. मग मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण नवं काही डोक्यात टिकेना. त्यांच्या मुलानं, अविनाशदादांनी, धंतोलीत दवाखान्याजवळ घर भाड्यानं घेतलं आणि मला ठेवलं. मी आठवीतून शाळा सोडलेली, गडचिरोलीकडची. जिला मी आठवतच नाही, तिच्याजवळ मला किती दिवस ठेवतील, ही धास्ती असायची. पण महिनाभरात काकू "कोणाची वं?" विचारता विचारताच खाटेवर सरकून मला जागा देऊ लागल्या.

हट्ट एकच. संडासला सोबत कोणी नको.

"याद गेली म्हून का लाज बी गेली?" हात धरला की झटकायच्या.

म्हणून मी वाट शिकवली. भिंतीला हात, कपाट संपलं की उजवीकडे. रोज तेच, तसंच. काही महिन्यांनी त्या एकट्या जाऊ लागल्या. "संडास कुठं आहे, काकू?" विचारलं तर म्हणायच्या, "मले काय मालूम? मी आजच तं आली इथं." पाय मात्र बरोबर वळायचे. डॉक्टर म्हणाले, डोक्याला नसलं तरी अंगाला ठाऊक असतं. परत येताना काकूंची मान ताठ असायची.

पुढे दादांनी दुमजली घर बांधलं. आईला परकं वाटू नये म्हणून वरच्या खोलीत तीच खाट, तेच कपाट, तसंच मांडलं. कपाटाच्या उजवीकडे जिना होता.

"दादा, इथं फाटक पाहिजे."

"सुतार उद्या येऊन राहिला."

त्याच दुपारी मी काकूंचं ताट घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर होते. वर काकू दिसल्या. भिंतीला हात, कपाट संपलं, वळल्या. थबकल्या नाहीत. मी ओरडले तोवर पाय पुढे पडला होता.

त्या पुन्हा उठल्या नाहीत. दादांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. दुसरं काम त्यांनीच पाहून दिलं.

तिथल्या आजोबांचीही याद गेलेली. त्यांना वाट शिकवायच्या आधी मी सूनबाईंना विचारलं, "हे घर भाड्याचं आहे का? पुढं सोडून दुसरीकडं जाणार तं नाही?"

"तुले काय करायचं आहे वं?"

मी पुन्हा विचारलं.