ढगाळ दिवसाचा चष्मा

इस्तारी आमच्या आरमोरीकडचा ढीवर, मासे धरणारा. तलावावर जन्म काढलेल्या माणसाला पाण्यावरचं ऊन कळतं, यात वाद नाही. पण पाण्याचं कळलं म्हणजे बर्फाचंही कळलं, असं तो धरून चालला. त्याबद्दल मी त्याला आजही सोडत नाही.

१९५४ साली तो रस्त्याच्या कामावर काश्मीरच्या डोंगरात गेला. सोबत साळा, खुशाल. निघताना वच्छलाने नवऱ्याला एकच सांगितलं होतं, माझ्या भावाला धड परत आणा.

तिथे मुकादमाने सगळ्यांना काळे चष्मे दिले. उन्हात दोघेही ते लावत. एक दिवस आभाळ भरून आलं. तलावावर ढग आले की पाण्याची चमक जाते, डोळे निवतात, तळची मासोळीही दिसते, हे इस्तारीच्या अंगात मुरलेलं. त्याने चष्मा खिशात टाकला. खुशाल घुटमळला, मुकादम काढू नका म्हणाला होता.

"ऊनच नाई, त चष्मा कायले पायजे?" इस्तारी म्हणाला. मग खुशालनेही काढला, आणि दोघे दिवसभर उघड्या डोळ्यांनी बर्फ उपसत राहिले.

संध्याकाळी इस्तारीच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागलं. खुशालची तर पापणीच उघडेना. कामावरच्या कंपाउंडरने दोघांच्या डोळ्यांवर गार पट्ट्या बांधल्या, अंधाऱ्या तंबूत बसवलं आणि झापलं, ढग असले तरी उन्हाचा न दिसणारा मारा खाली येतो आणि बर्फ तो उलटवून डोळे जाळतोच. बरे होतील ना, असं इस्तारीने विचारलं तर तो नुसतं बघू म्हणाला.

त्या एका शब्दाने इस्तारीची झोप उडाली. तिसऱ्या दिवशी त्याची पट्टी निघाली, अंधुक का होईना दिसलं. खुशालची मात्र पुन्हा बांधली. गावात सगळ्यात बारीक घराचं, लहान छिद्रांचं जाळं विणायचे ते याच पोराचे हात. आता वच्छलाला काय तोंड दाखवू, या भीतीने इस्तारी खुशालजवळून हलेना. खुशालने एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त भर दुपारी विचारलं, "भाऊजी, दिवस निघाला का?" 

पाचव्या दिवशी कंपाउंडरने पट्टी सोडली. खुशालने बराच वेळ पापण्या मिचकावल्या. मग त्याने इस्तारीकडे पाहिलं, तंबूच्या दाराकडे पाहिलं.

"बाहीर ढग आले, भाऊजी."

"हो, आले."

"मंग तुमचा चष्मा कुठी हाये?"

इस्तारी खिसे चाचपू लागला. चष्मा समोर उशाशीच होता, पण डोळ्यांतल्या पाण्यामुळे त्याला तो दिसेना.