डगल्यातला कापूस

दसरा जवळ आला की मथुराबाईचा जीव थाऱ्यावर राहत नसे. बडोद्याच्या घडियाळी पोळीतल्या, म्हणजे त्या नावाच्या गल्लीतल्या, दोन खोल्यांत ती नुसती येरझाऱ्या घाली. दूध उतू जाई, भाकरी करपे. कारण एकच, पेटीतला डगला. नवऱ्याच्या पणजोबांनी तो मावळातल्या थंडीसाठी आणि तलवारीचा वार अडावा म्हणून शिवून घेतला होता, दोन पदरांत बोटभर जाड कापूस भरून. पणजोबा फौजेबरोबर बडोद्यास आले, लढाया संपल्या, डगला मात्र घरातच राहिला. आणि दर दसऱ्याला महाराजांच्या स्वारीत, आश्विनाच्या रणरणत्या उन्हात, घरच्या कर्त्या पुरुषानं तो घालून चालायचं, हा मान. आग लागो त्या मानाला. गेल्या वर्षी तिचे यजमान धनाजीराव लहरीपुरा दरवाज्यापाशी भोवळ येऊन कोसळले होते. काळीज अशक्त आहे, पुन्हा असं झालं तर माझ्या हाती काही नाही, असं वैद्य सांगून गेले होते.

शेजारचे लक्ष्मीकांत मास्तर एकदा ओट्यावर धनाजीरावांना सांगत बसले होते. सिंधकडे जमिनीखालून आख्खं शहर निघालं, त्यात हजारो वर्षांपूर्वीचं सुती कापड सापडलं. मिसर देशात लोक जवसाच्या धाग्याचं झिरझिरीत कापड नेसत, थंड डोंगरी मुलखात मेंढीचं कातडं पांघरत.

"हवा सांगेल तसं माणूस नेसत आलं, धनाजीराव."

मथुराबाई आतून म्हणाली, "मग आमच्याच घराला हवेनं काही सांगितलं नाही का, भावोजी?"

"त्या कापसानं वार झेललेत," धनाजीराव गुरगुरले. "त्याला हात लावायचा नाही. बस, वात पूरी."

गुजरातीतली ती वात, म्हणजे गोष्ट, पुरी झाली, पण मथुराबाईची तगमग काही पुरी होईना. दसऱ्याच्या आदल्या दुपारी नवरा बाहेर गेला, सासूबाईंचा, रखमाबाईंचा, डोळा लागला, तसं तिनं दार लोटलं आणि डगल्याच्या छातीची शिवण उसवली. कापसाचे नुसते गठ्ठे झाले होते. ते उपसून तिनं आपल्या जुन्या मलमलीच्या पातळाचे बोळे आत पसरले, म्हणजे वरून डगला फुगीरच दिसावा. मग पाठ उसवली, आणि आत हात घातला.

पाठीत कापूस नव्हताच. तिथं मलमलच होती, विटकी जांभळी, सासूबाईंच्या पातळाची. डगल्याला कुणाचं बोट लागलं तरी अंगावर धावून जाणाऱ्या रखमाबाईंनी आपल्या नवऱ्यासाठी हेच केलं होतं. छातीला हात घालायचा धीर तेवढा झाला नसावा. मथुराबाईला हसूही आलं आणि रडूही. तिनं भराभर टाके घातले.

पण घाईत ती घरची रीत साफ विसरली होती. डगला वडीलधाऱ्या बाईनं दोन्ही हातांनी उचलून कर्त्याच्या खांद्यावर चढवायचा असे. सकाळी रखमाबाईंनी तो उचलला, आणि तो पिसासारखा वर आला. त्यांची बोटं छातीच्या नव्या शिवणीवर जाऊन थांबली. आता सगळं बाहेर येणार, आणि हे हट्टानं पुन्हा कापूस भरून घेणार.

रखमाबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. मग कण्हत म्हणाल्या, "मेला किती जड आहे हा. माझ्या एकटीच्यानं नाही व्हायचं. मथुरा, एक बाजू धर गं."

दोघींनी मिळून डगला चढवला. धनाजीरावांनी खांदे हलवून पाहिले, थोडे घुटमळले, एकदा आईकडे आणि एकदा बायकोकडे पाहिलं.

"जड आहे खरा," ते म्हणाले, आणि झपाझप पायऱ्या उतरून गेले.