आईची परीक्षा आणि माझा स्विच

ज्या सकाळी आईची कॉम्प्युटरची परीक्षा होती, त्याच सकाळी तिच्या परीक्षा केंद्रातले सगळे कॉम्प्युटर मी निकामी केले. तसे ते चालू होते, पंखे घुमत होते, पडद्यांवर उजेड होता. फक्त एकालाही खोलीबाहेरच्या जगाशी बोलता येत नव्हतं. हे काम मला कुणी सांगितलेलंही नव्हतं. मी ते आपणहून, मोठ्या हौसेनं केलं होतं.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. शिक्षकांना कॉम्प्युटरची परीक्षा सक्तीची झाली होती. आई हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पुढं एका खेड्यात शाळेवर. सगळी नोकरी दुसऱ्या मुख्याध्यापकांच्या हाताखाली काढल्यावर आता कुठं मुख्याध्यापक व्हायची तिची पाळी आली होती. यादीत नाव होतं, पण परीक्षा पास झाल्याशिवाय बढती नाही, आणि या खेपेला हुकलं तर खुर्ची तिच्या मागच्या माणसाला जाणार होती. हे मला वडिलांकडून कळलं. आई स्वतः काही बोलली नाही. तिनं एकदा पुण्याला फोन करून एवढंच विचारलं, "डबल क्लिक करताना दोन टिचक्यांच्या मधी थांबायचं का लगेच मारायची?" वरण उकळेपर्यंत ती चष्म्याच्या डबीवर टिचक्या मारायचा सराव करते, हेही वडिलांनीच सांगितलं.

केंद्र हिंगोलीच्या बाजारात होतं. खाली हळदीची पेढी, वर परीक्षेची खोली. पेढी आणि केंद्र दोन्ही माझ्या शाळेतल्या मित्राची. त्याच्या तीन पिढ्या हळदीत गेल्या, त्यामुळे वरच्या कीबोर्डांवरही एक पिवळी झाक असायची. मी सुट्टीवर आलो होतो. पुण्यात नेटवर्कच्या कंपनीत होतो आणि गावाकडं आल्यावर ही गोष्ट कुणी विसरू नये याची काळजी घेत होतो.

मित्र म्हणाला, "यार, परीक्षेवाले म्हणतात की आमचं नेटवर्क पेढीच्या हिशोबापासून वेगळं ठेवा. काय करू?"

नेटवर्कच्या वायरी जोडायचे दोन साधे डबे विकत घे, एक खाली लाव, एक वर लाव, एवढंच मी सांगायला हवं होतं. पण मग मी पुण्याचा कसा? कंपनीनं अडगळीत टाकलेला तसलाच एक मोठा डबा, म्हणजे स्विच, मी मागून आणला होता. त्याची करामत अशी की तो एकच यंत्र असून आतून दोन असल्यासारखा वागतो. दोन घरं, दोघांचे रस्ते वेगळे, याच्या रस्त्याची त्याला खबर नाही. सख्ख्या भावांनी मधून भिंत घालावी तसं.

भिंत मी छान घातली. एकच पंचाईत होती. कॉम्प्युटर सुरू झाला की पहिल्यांदा ओरडतो, मला कुणी पत्ता देता का. हे पत्ते वाटणारं यंत्र पेढीच्या बाजूला होतं आणि ओरडणारे परीक्षेच्या बाजूला. ओरडणं भिंतीपलीकडं जात नाही. म्हणून मधे एक निरोप्या नेमावा लागतो. तो हाक ऐकतो आणि पत्तेवाल्याकडं पोचवतो. तोही मी नेमला. दुपारी सगळे कॉम्प्युटर तपासले, सगळे चालले. मित्रानं माझ्यासाठी वरून मलई घातलेला चहा मागवला. मी तो ऐटीत प्यालो.

ते चालत होते, कारण त्यांच्याकडं आधीचेच पत्ते होते. असे पत्ते काही तासांपुरतेच मिळतात आणि मग नव्यानं मागावे लागतात, हे मी लोकांना शिकवायचो.

सकाळी आई जीपनं आली. इस्त्रीची साडी, हातात पिशवी, पिशवीत चष्म्याची ती डबी. खोलीत आणखी काही शिक्षक, एक ग्रामसेवक. सगळे आपापल्या पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले, लग्नात फोटोला बसतात तसे.

कॉम्प्युटर ओरडून राहिले होते आणि कुणी पत्ता देत नव्हतं.

मी आधी वायरींना दोष दिला. मग मित्राच्या इन्व्हर्टरला. मग हळदीला. मित्र दाराशी उभा राहून म्हणाला, "हळद तर आजोबापासून आहे रे. काल तू येईपर्यंत सगळं बराबर चालू होतं." आणि आवाज खाली आणून, "तासाभरात सुरू न्हाई झालं तर आजची परीक्षा रद्द. बाईंची पण."

मी टेबलाखाली शिरलो. खरं तर तिथं काहीच नव्हतं, पण तिथून आईचा चेहरा दिसत नव्हता. मग तिच्या चपला जवळ आल्या आणि ती खाली वाकली.

"काहून लपून बसला?"

"वायर बघतोय."

"बाहेर ये."

बाहेर आलो. तिनं पदरानं माझ्या केसांतली हळद आणि जाळी पुसली, सगळ्यांच्या देखत, मी तिशीला आलेला असताना. शेजारच्या खुर्चीवर मला बसवून म्हणाली, "काय केलंस ते पहिल्यापासून सांग. मला कळंल असं."

"तुला नाही कळणार."

"चौथीतली पोरं बी मला असंच म्हणतात. सांग."

मी सुरू केलं. "समज, लग्न आहे. नवरदेवाकडचे लोक जानवशात उतरलेत. तिथून हाक येते, चहा पाठवा."

"मग?"

"आचारी दुसरीकडं, मांडवात. हाक त्याला ऐकू येत नाही. म्हणून मधे एक माणूस उभा केला. तो निरोप घेऊन जातो."

"मग?" हा 'मग' ती वर्गात म्हणते तोच. त्यात घाई नसते आणि सुटकाही नसते.

"पण त्या दिवशी गावात लग्नं दोन आहेत. मांडव दोन. मी त्या माणसाला आचाऱ्याचा घर नंबर सांगितला, आणि..."

"आणि?"

आणि तिथंच मला माझी चूक दिसली. कोणत्या मांडवात जायचं, ते मी त्याला सांगितलंच नव्हतं. तो बिचारा सकाळपासून परीक्षेच्याच मांडवात तो नंबर शोधत फिरत होता. आचारी तर पेढीच्या मांडवात.

आई म्हणाली, "बोल की."

मी उठलो, स्विचमधल्या त्या निरोप्याच्या ओळीत पेढीची बाजू कोणती ते लिहिलं, परतीच्या वाटेचंही लिहिलं, आणि खोलीकडं वळलो. एकेका पडद्यावर परीक्षेचं पान उघडत गेलं. ग्रामसेवकानं खुर्ची पुढं ओढली. आईनं चष्मा चढवला, उंदरावर हात ठेवला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता बाहेर जाऊन बस. हात लावू नको कशाला."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. मित्रही येऊन बसला. त्यानं स्वतःचा अर्धा चहा माझ्या बशीत ओतला. आतून टिचक्यांचा आवाज येत होता. त्यातल्या आईच्या कोणत्या ते मला ओळखू आलं, असं मला अजूनही वाटतं. दोन टिचक्या, मधे जरासा श्वास, जसा शाळेत पाढे म्हणताना पोरांना ती घ्यायला लावायची.

निकाल लगेच पडद्यावर यायचा. आई बाहेर आली ती डबी मिटत. "झाले पास," एवढंच म्हणाली, आणि भिंतीला हात टेकून थोडा वेळ उभी राहिली. मी तिचा दुसरा हात धरला.

ग्रामसेवक मागून आला, खुशीत. "बाई, तुमचं काय, घरातच इंजिनिअर. पोरानं शिकवलं म्हणून पास झालात."

आईनं माझा हात सोडला नाही. म्हणाली, "हा पुण्याला होता म्हणून शिकणं झालं. घरी असता तर नापासच झाले असते."