पांगरकर मॅडमचा उपग्रह

पंगतीतून उठताना पांगरकर मॅडम आपली पत्रावळ स्वतः उचलत, आणि शेजारच्याने तशीच टाकलेलीही. कॉलेजच्या वर्धापनदिनी त्यांनी चक्क संस्थेच्या अध्यक्षांचं ताट उचललं. वर विचारलं, "साहेब, हे कुणासाठी ठेवलं होतं?" अध्यक्ष कसनुसं हसले. आम्ही प्राध्यापकांनी निमूटपणे आपापली ताटं उचलली.

मॅडम मूळच्या पैठणच्या, भिक्षुकाच्या घरातल्या. आमच्या कॉलेजात विमानविद्या शिकवायच्या. वर्गात पुस्तकी मराठी बोलत. चिडल्या की पैठण बाहेर यायचं. मी त्यांच्याच विभागात, वयाने बराच लहान. माझ्या प्रत्येक कामात त्या चूक काढत, तरी त्या रजेवर असल्या की मला करमत नसे.

शहराबाहेर बीड बायपासकडे शेतं मोडून वसाहती उठल्या, त्यातल्याच एकीत त्यांचं घर होतं. दुष्काळात त्या गल्लीत बोअर मारायची चढाओढ लागली. एका सकाळी मी तिथे असताना शेजारी पेढे घेऊन आले. "मॅडम, लागलं पाणी! लई जोर हाय." मॅडमची बोअर त्याच आठवड्यात आटली होती. त्यांनी पेढा घेतला. "लागलं कुठं दादा, माझ्याकडचं तुमच्याकडं आलं. उद्या पलीकडचा आणखी खोल जाईल, मग तुमचंबी नाय." शेजारी गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वर आभाळातही हेच चाललंय. उपग्रह सोडायची घाई सगळ्यांना, आवरायला कुणीच नाय."

तेव्हा आमच्या मुलांचा उपग्रह तयार होत होता, जेवणाच्या डब्याएवढा. जायकवाडी धरणाचं घटतं पाणी वरून टिपायचं, हे त्याचं काम. मॅडमची अट एकच: काम संपलं की त्याने आपणहून खाली यायचं. त्यासाठी घडी घालून बसवलेला झिरझिरीत पडदा होता. तो उघडला की वरच्या विरळ हवेने उपग्रहाचा वेग मंदावेल, तो हळूहळू उतरेल आणि जळून जाईल. नाहीतर कित्येक दशकं तसाच फिरत राहील, आणि कुणाला धडकला तर तुकडे आणखी दहांना धडकतील. "वर नेलं त्यानं खाली आणावं," असं त्या इतक्यांदा म्हणत की मुलं पाठीमागे नक्कल करत.

शेवटच्या चाचणीत, रॉकेटात बसतात तसे हादरे यंत्राने दिल्यावर, पडदा अडकला. उघडेचना. दुरुस्तीला वेळ हवा होता आणि रॉकेटवर फुकट मिळालेली जागा तेवढी थांबणार नव्हती. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, पडदा काढून टाका. वर कोण बघायला येतंय?" त्यांना गप्प करणं मॅडमना सोपं होतं. पण गंगापूरच्या वैशालीने कॉलेजची सगळी वर्षं उपग्रहाच्या कॅमेऱ्यात घातली होती. ती म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं पाण्याचे लई हाल हायेत. धरण वरून दिसलं तर कुणीतरी इचारंल. आता नाय गेलं तर परत कधी?" मॅडमची निवृत्ती जवळ आली होती. त्यांनी अडकलेला पडदा आणखी एकदा ओढून पाहिला. मग म्हणाल्या, "काढा."

उपग्रह गेला. पेढे वाटले, अध्यक्षांचे फोटो छापून आले. धरणाची चित्रंही आली, तळाचा गाळ उघडा पडलेला. महिना-दीड महिन्यात उपग्रह मुका झाला. मुलांनी खूप हाका मारल्या, उत्तर नाही.

मग इशारे येऊ लागले. परदेशातल्या एका केंद्राकडून मेल यायचा: तुमचा उपग्रह अमक्या उपग्रहाच्या फार जवळून जाणार आहे. मेलेल्या डब्याने काय वाट बदलायची! ती वेळ टळेपर्यंत मॅडम जेवायला बसत नसत. मला ते बघवेना. "मॅडम, वर हजारो फिरताहेत. तुमच्या एकाने काय होणार आहे?" "अरे, आमच्या गल्लीतला प्रत्येक बोअरवाला हेच म्हणला व्हता," त्या म्हणाल्या.

निवृत्तीनंतर त्या आजारी पडल्या. दवाखान्यात गेलो, तर प्रकृतीबद्दल अक्षर नाही. "त्या इशाऱ्यांसाठी आता तुझा मेल दिलाय."

"मी काय करणार, मॅडम?"

"करण्यासारखं काही नाय. पण कुणीतरी वाचलं पायजे." मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

त्यांच्या अस्थी आम्ही पैठणला गोदावरीत सोडल्या. पाणी इतकं मागे हटलं होतं की चिखल तुडवत आत जावं लागलं. मॅडमचं इथलं सगळं आटोपलं, असं वाटलं. काठावर आलो तर फोन वाजला. ओल्या हातानेच त्या केंद्राचा मेल उघडला. उद्या दुपारची वेळ होती. अंतर आजवरच्या सगळ्या इशाऱ्यांपेक्षा कमी होतं.