रेल्वे नसलेल्या गावचे स्टेशनमास्तर

बीडला रेल्वे नव्हती, पण स्टेशनमास्तर होते. एसटी स्टँडासमोर त्यांचं पत्र्याच्या ट्रंकांचं दुकान होतं. खरं नाव शिवलिंगप्पा. पण ते फक्त त्यांच्या बायकोच्या लक्षात असावं, आणि ती काही नवऱ्याचं नाव घेत नसे. ट्रंक दाखवताना ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, "बाकाखाली बरूबर बसती बघा." कुठल्या बाकाखाली, असं विचारलं की म्हणत, "रेल्वेच्या, आन कुठल्या? आज न्हाई तर उद्या येतीच की." त्यांच्या या आशेचा मला कधी राग यायचा, कधी हेवा वाटायचा.

परळीला रेल्वे होती, नगरला होती. मधल्या आम्हाला तेवढी नव्हती. म्हणून रेल्वेचं बजेट हा आमच्याकडे जवळजवळ सणच असे. त्या दिवशी मास्तर कपाळावर विभूतीचे पट्टे ठळक ओढून येत, ट्रंकांवर ट्रंका रचून वर रेडिओ ठेवत आणि संध्याकाळच्या बातम्या लागायच्या आधीच पेढे वाटत. "बातमी तर येऊ द्या, मास्तर," असं कुणी म्हटलं की उत्तर तयार, "बातमी आल्यावर कुणीबी वाटंल. तोंड गोड असलं म्हंजी माणूस सरकारला शिव्या जरा कमी देतो."

माझी आई त्यांच्या ट्रंकांच्या खोळी शिवून द्यायची. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी नर्सिंग पुरं केलं आणि मला पुण्याच्या एका दवाखान्यातून नोकरीचं बोलावणं आलं. मला जायचंच होतं. आईला मात्र एसटी लागायची. गाडी गावातल्याच माळीवेशीपर्यंतही पोचत नसे, तोवर ती पदर तोंडाला लावून बसलेली असे. "तू तिकडं आजारी पडलीस तर मी कशी येऊ?" ती म्हणायची. शेवटी माझ्या भुणभुणीला कंटाळून ती एक दिवस मास्तरांच्या दुकानातच बोलून गेली, "औंदाच्या बजेटात रेल्वे आली तर जा. न्हाई तर नाव काढू नको." मास्तरांनी हातातली ट्रंक खाली ठेवली आणि माझ्याकडे अशा काही आनंदानं पाहिलं, की जणू माझी नेमणूकच झाली.

त्यालाही कारण होतं. लोकसभेची निवडणूक तोंडावर आली होती. गावात एसटीडीचे पिवळे बूथ निघाले होते, घरोघर रंगीत टीव्ही येत होते; सगळं जग आपल्याच दाराशी येतंय असं वाटण्याचे दिवस होते ते. बजेटच्या संध्याकाळी दुकानासमोर ही गर्दी! पानवाला छातीठोक सांगत होता, "इलेक्शन हाय बे! औंदा न देऊन जातेत कुठं?" निवृत्त गुरुजींनी समजावून पाहिलं, की हे निवडणुकीआधीचं हंगामी बजेट आहे, यात नवं काही देत नसतात. त्यांचं कुणी ऐकून घेतलं नाही, कारण तोपर्यंत भांडण पेटलं होतं. स्टेशन मोंढ्याकडं करायचं की बार्शी नाक्याकडं? रुळाचा पत्ता नव्हता, पण दोन्हीकडचे व्यापारी बाह्या सरसावून उभे राहिले. मास्तर आपले खूश. "भांडा, पर जोरात भांडा. दिल्लीला कळू द्या, आमच्याकडं जागेची अडचन न्हाई."

मग बातम्या लागल्या. सगळे रेडिओभोवती दाटले. माझ्या हातातला पेढा मी खाल्लाच नव्हता. कुठल्या कुठल्या गाड्या वाढल्या, भाडं वाढलं नाही, लांबलांबच्या गावांची नावं आली. आमचं आलं नाही. हवामान सुरू झालं तरी कुणी रेडिओ बंद करेना. "आता मतं मागायला येऊ दे तर खरं," पानवाला पुटपुटला आणि गर्दी पांगली. मी तिथेच ट्रंकेवर बसून रडले. लाज वाटावी इतकं रडले.

दरवर्षी अशा वेळी मास्तर म्हणत, "पुढल्या बजेटला बघू." मीही तेच ऐकायच्या तयारीत होते. पण ते दुकानाला कुलूप लावून तडक आमच्या घरी निघाले, मी मागोमाग. आई मशीनवर बसली होती. आमची तोंडं बघूनच तिला कळलं. ती म्हणाली, "बरं झालं. मिटला विषय."

"अक्का," मास्तर उंबऱ्यातूनच म्हणाले, "रेल्वेचं मी बघतो. मला थांबायची सवय हाय. पर पोरीला थांबवू नका. बजेट दर साली येतं, तिचं हे वय येत न्हाई."

आईचा मशीनवरचा पाय थांबला. ती म्हणाली, "आन मी कशी जाऊ तिला भेटायला?"

"मी नेतो. म्हनाल त्या फाट्यावर गाडी थांबवतो. ओकत ओकत जाऊ, पर जाऊ!"

आई हसली आणि मग डोळे पुसू लागली. त्याच आठवड्यात मी पुण्याच्या गाडीत बसले. आणि मास्तर बोलल्याप्रमाणे दर दिवाळीनंतर आईला घेऊन येत राहिले. ती हिरवीपिवळी होऊन उतरायची, आणि मास्तर मागून कंडक्टरचे आभार मानत. एसटीतले सगळे कंडक्टर त्यांना ओळखू लागले होते. गाडी थांबवण्यावरून त्यांनी कितीजणांशी वाद घातले असतील, देव जाणे.

मग एका वर्षी, दिवाळीला अजून अवकाश असताना, मी ड्यूटीवरून बाहेर आले तर दवाखान्याच्या फाटकाशी आई उभी. हातात पिशवी, चेहरा पांढराफटक. आजूबाजूला मास्तर कुठेच दिसले नाहीत.

"मास्तर गेले गं," ती म्हणाली. "झोपेतच गेले."

मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. फोनवर कळवता आलं असतं, स्टँडसमोर बूथ होताच. मी विचारलं, "अगं, पण तू एकटी आलीस? एसटीनं?"

"मंग काय," आई पदरानं तोंड पुसत म्हणाली. "चार जागी गाडी थांबवली. कंडक्टर लागला कुरकुर करायला, तर म्हणलं, मी मास्तरांची अक्का हाय. थांबव गपगुमान."